आपली आवक हंगामाची, लेकरांची जावक महिन्याची

(प्रभागसंघाच्या एप्रिल महिन्याच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं मार्गदर्शन. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



बारावीची परीक्षा झाली. आता निकाल लागेल, फॉर्म भरले जातील आणि जून-जुलैत आपल्यातल्या बऱ्याच जणींची लेकरं पिशव्या भरून लातूरला, संभाजीनगरला, पुण्याला निघतील. गेल्या महिन्यात गटांच्या बैठकांना फिरताना एकच प्रश्न मला ठिकठिकाणी ऐकू आला. "ताई, पोरीला पाठवायचं तर आहे, पण महिन्याला किती लागतील?" आजचा विषय तोच घेऊ. बाहेर राहून शिकणाऱ्या लेकराचा खर्च आणि त्याचा हिशेब.

हिशेब म्हटलं की काही जणी मागं सरकतात. पण इथं बसलेल्या प्रत्येकीला पंचसूत्री पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लेखन. तुमच्या रोकड वहीत आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक दर बैठकीला लिहिली जाते. दहा रुपये जुळले नाहीत तर ते जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एवढी शिस्त असणाऱ्या आपण, लेकराच्या शिक्षणाच्या पैशाला मात्र ती लावत नाही. तिथं सगळं फोनवर. "आई, पैसे संपले." "किती पाठवू?" "पाठव दोन-एक हजार." संपला हिशेब.

या तोंडी कारभाराचा फटका कुणाला बसतो? मुलीला. घरात ओढाताण झाली की "परवडत नाही" हा शब्द निघतो. किती परवडत नाही, कुठल्या महिन्यात परवडत नाही, हे कुणालाच माहीत नसतं. आणि आकडा नसला की मोठ्यानं बोलणाऱ्याचं खरं होतं. मुलगा असेल तर उसनंपासनं करून पाठवतात. मुलगी असेल तर कुणीतरी काका, मामा म्हणतो, "घेऊन या तिला, इथं जवळ टाका कुठंतरी." म्हणून मी म्हणते, मुलीच्या बॅगेत भांडी-गादीच्या आधी वही गेली पाहिजे, आणि तशीच एक वही आईजवळ राहिली पाहिजे.

आता आकडे बघू. मी नमुन्याचे आकडे घेते, तुमच्या गावचे आणि तुमच्या कॉलेजचे वेगळे निघतील. समजा मुलगी संभाजीनगरला खासगी खोलीत कॉट घेऊन राहते. कॉटचं भाडं २५००. मेस दोन वेळची ३०००. सकाळचा चहा-नाश्ता आणि रविवारची रात्र मिळून ६००. रविवारची रात्र वेगळी का धरली? कारण बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असते आणि घरून बजेट करताना हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. बस-रिक्षा ५००, मोबाइलचा रिचार्ज ३००, वह्या-झेरॉक्स ४००, साबण-तेल-पॅड ३५०, गावी येणं-जाणं ३०० (एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते धरूनच), औषधपाणी १५०, आणि हातखर्च ३००. बेरीज करा. ८४०० रुपये महिना.

दहा महिन्यांचे झाले ८४०००. सुट्टीतल्या दोन महिन्यांचं खोलीभाडं धरा, नाहीतर कॉट जाते. ते ५००० रुपये. सुरुवातीला गादी, बादली, पांघरूण, डबा वगैरे एकदाचे २५००. म्हणजे वर्षाचा खर्च ९१५००. शिवाय खोलीमालक दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागतो, ५००० रुपये. हे डिपॉझिट खर्चात लिहू नका. ते आपलं येणं आहे. गटानं दिलेलं कर्ज आपण येणं म्हणून दाखवतो ना, तसंच हे. वेगळ्या पानावर लिहा, तारीख टाका, पावती घ्या, पावतीचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये ठेवा. पावती नसलं की खोली सोडताना मालक रंगकाम, पंखा, नळ असं काहीबाही सांगून पैसे कापतो आणि आपल्या हातात बोलायला कागद नसतो.

कॉलेजची फी यात धरलेली नाही, ती वेगळी.

आता घरची बाजू. समजा घरात दोन गायी आहेत. चारा-पेंड जाऊन महिन्याला ३००० हातात राहतात. शिलाईचे १५०० येतात. म्हणजे महिन्याला ४५००, वर्षाला ५४०००. आणि सोयाबीन विकल्यावर ऑक्टोबरात मुलीच्या नावानं ३०००० बाजूला काढता येतात. एकूण ८४०००. खर्च ९१५०० आणि डिपॉझिट ५०००, म्हणजे वर्षभरात साडेबारा हजार कमी पडतात. वर्षाचा आकडा बघून घरातला माणूस म्हणतो, एवढं काय, भागेल.

पण आता जून ते सप्टेंबर एवढेच चार महिने मांडा. जून महिन्यात खर्च ८४०० आणि वरचे ७५००, मिळून १५९००. हातात ४५००. म्हणजे जूनलाच ११४०० कमी. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, दर महिन्याला ३९०० कमी. बेरीज केली तर सप्टेंबरअखेर खड्डा निघतो २३१०० रुपयांचा. सोयाबीन अजून शेतातच उभं असतं. त्यातच खत, फवारणी, पोळा, गौरी-गणपती. पोरीचं पहिलं सत्र परीक्षेला येतं नेमकं तेव्हाच.

आपली आवक हंगामाची आहे आणि लेकरांची जावक महिन्याची आहे. ज्यांच्या घरी ऊसतोडीची उचल येते त्यांचंही तसंच, पैसे दसरा-दिवाळीच्या तोंडावर आणि खोलीमालकाला पाहिजेत जूनच्या एक तारखेला. पगारदार माणसाच्या घरात हा प्रश्न येत नाही, म्हणून शहरातल्या लोकांनी सांगितलेलं बजेट आपल्याला अर्धंच लागू पडतं. आपल्याला बजेट बारा रकान्यांचं करावं लागतं. एक रकाना एका महिन्याचा. वर आवक, खाली जावक, तळाला उणे किंवा शिल्लक. जिथं उणे येईल तिथं लाल पेननं गोल करा. कुठल्या महिन्यात दम लागणार हे एप्रिलमध्येच दिसतं.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या माऊलीसमोर दुसरा रस्ता नव्हता. आपल्याकडं मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात डोरलं गहाण ठेवायचा विचार सगळ्यात आधी येतो, कारण तो खड्डा अचानक दिसतो. आधी दिसला असता तर इतरही दोन-तीन रस्ते होते.

पहिला रस्ता, आधीपासून साठवणं. ज्यांची लेकरं आता दहावी पास होऊन अकरावीला जातील त्यांनी नीट ऐका. अकरावीच्या प्रवेशापासून महिन्याला १००० रुपये बँकेत रिकरिंगला टाकले तर दोन वर्षांत २४००० होतात, वरून व्याज. आपला सप्टेंबरचा खड्डा किती होता? २३१००. हजार जमत नसतील तर पाचशे टाका, निम्मा खड्डा तरी बुजेल. लहानपणी कुणी मुलीचं सुकन्या समृद्धी खातं काढलं असेल तर मुलगी अठराची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर तिच्या शिक्षणासाठी त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ती सगळी लग्नासाठीच ठेवायची असा काही नियम नाही.

दुसरा रस्ता, गटाचं अंतर्गत कर्ज. इथं माझं मत स्पष्ट सांगते, काही जणींना पटणार नाही. डिपॉझिट, गादी, एखादं यंत्र-पुस्तक अशा एकदाच्या खर्चाला कर्ज घ्या. पीक हातात येईपर्यंत तोंडमिळवणीला घ्या. पण वर्षभराची आवकच कमी असेल तर मेससाठी दर महिन्याला कर्ज काढू नका. मेस पुढच्या महिन्यात परत येते आणि कर्जाचा हप्ताही येतो. तिथं खर्च कमी करायचा की आवक वाढवायची, हे बसून ठरवावं लागतं. आणि कर्ज घ्यायचं तर लागेल तसं घ्या. बऱ्याच गटांत महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज आहे. २३१०० एकदम जूनमध्ये उचलले तर चार महिन्यांचं व्याज १८४८ होतं. जूनला ११४०० आणि पुढं दर महिन्याला ३९०० असं उचललं तर व्याज १३८० होतं. पावणेपाचशे रुपये वाचले, म्हणजे एका महिन्याच्या झेरॉक्स-वह्या निघाल्या. फक्त बैठकीत आधी सांगून ठेवा आणि ठरावात लिहून घ्या, की दरमहा व्याज भरू आणि मुद्दल सोयाबीन विकल्यावर देऊ. दारात येणाऱ्या आठवडी हप्त्याच्या कर्जाकडं या कामासाठी बघूसुद्धा नका. आपली आवक आठवड्याची नाही.

आता सरकारच्या योजना. आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथं राहणं-जेवण मोफत असतं, मग वरचं सगळं बजेटच बदलतं. तिथं नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. यांत जेवण, निवास आणि निर्वाहासाठी पैसे खात्यावर येतात. रक्कम शहराप्रमाणं ठरते, मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०००० रुपयांपर्यंत. शेतकरी-मजुरांच्या लेकरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्या अटी कॉलेजात विचारून घ्या.

शिवाय ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हे मिळत नाही, म्हणून एजंट काय सांगतो ते ऐकून घाई करू नका. आणि फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं असं समजू नका. आपण आत्ता मांडलेले ८४०० तसेच राहतात.

या योजनांचे पैसे उशिरा येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ते जमेच्या रकान्यात आधीच लिहायचे नाहीत. येणं म्हणून लिहा, पेन्सिलीनं. खात्यावर पडले की पेननं. लाडक्या बहिणीचे १५०० कितीतरी जणी पोरीच्या मेसला लावतात, त्यांनीही तसंच करा. अजून एक बारीक गोष्ट. डीबीटीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात आणि एका आधारला त्यासाठी एकच खातं चालतं. पोरीनं शहरात नवीन खातं काढलं आणि आधार तिकडं जोडलं, तर पैसे तिकडं जातात आणि आपण इकडच्या पासबुकात शोधत बसतो. कुठलं खातं जोडलंय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

एका गटातल्या ताईंचं सांगते, नाव सांगत नाही. त्यांची मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला. फेब्रुवारीत घरी विषय निघाला, की जमत नाही, तिला घेऊन येऊ. ताई बैठकीला आल्या त्या रडतच. पण त्यांच्याकडं वही होती. आम्ही चौघीजणी वही घेऊन बसलो. महिन्याला कमी पडत होते २३०० रुपये. भत्त्याचा हप्ता यायचा होता, सत्र संपायला तीन महिने होते. २३०० गुणिले तीन, ६९०० रुपये. "शिक्षण परवडत नाही" एवढा मोठा डोंगर होता, तो ६९०० रुपयांचा निघाला. गटानं ७००० चं कर्ज मंजूर केलं आणि ताईंनी तो कागद घरी नेऊन नवऱ्यासमोर ठेवला. ते म्हणाले, "एवढंच होय?" मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे.

आता लेकरांच्या वहीकडं येते. मी स्वतः बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू मिळून पाच वर्षं बाहेर राहिले, त्यामुळं हे अनुभवाचं सांगते. वही खिशात मावणारी घ्यावी. मोठ्या रजिस्टरात कुणी लिहीत नाही. रोज रात्री पाच मिनिटं. आरंभीची शिल्लक, आज आलेले, आज गेलेले, अखेरची शिल्लक. मग पाकिटातले आणि खात्यावरचे मोजायचे. जुळलं तर सही, नाही जुळलं तर "आठवत नाही" असा रकाना करून फरक तिथं लिहायचा आणि झोपायचं. दोन महिन्यांत तो रकाना आपोआप बारीक होतो.

हल्ली पैसे हाताला लागतच नाहीत. दहा रुपयांचा चहा, वीस रुपयांचं वडापाव, सगळं फोन दाखवून. नोट मोडताना माणूस थांबतो, फोन दाखवताना थांबत नाही. ॲपमध्ये दुकानदाराचं नाव दिसतं, पण काय घेतलं ते दिसत नाही. म्हणून रविवारी मेस बंद असते त्या वेळेत आठवड्याचे व्यवहार बघून वहीशी जुळवायचे, असं मुलांना सांगा.

मेसचा खाडा हा शब्द तुम्हाला नवीन असेल. मुलगी सणाला सहा दिवस गावी आली तर त्या सहा दिवसांचं जेवण तिनं घेतलेलं नसतं. आधी सांगून खाडा लावला तर मेसवाले पुढच्या महिन्यात वळते करतात. प्रत्येक मेसचा नियम वेगळा. काही जण एका-दोन दिवसांचा खाडा धरत नाहीत, काही जण आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय धरत नाहीत. पैसे भरायच्या आधी विचारायचं आणि खाडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचे. दिवाळीची सुट्टी आठ-दहा दिवसांची असते, त्यात हजारभर रुपये वाचू शकतात.

खोलीत चार पोरी असल्या की गॅस, दूध, झाडू, सगळ्याला वर्गणी निघते. पोरं त्याला कॉन्ट्री म्हणतात. त्याची एक वेगळी वही चौघींनी मिळून ठेवावी आणि महिन्याला एकीनं सांभाळावी. आपल्या गटातल्या अध्यक्ष-सचिवासारखं. उसने दिलेले पैसे खर्चात घालायचे नाहीत, येण्यात लिहायचे. मैत्रिणीला मागायला लाज वाटते, पण वहीत लिहिलेलं असलं की मागताना जीभ अडखळत नाही.

पैसे कसे पाठवायचे, हे विचारलं होतं. माझ्या मते पहिले तीन महिने दोन भागांत पाठवा. भाडं आणि मेस एक तारखेला, बाकीचे पंधरा तारखेला. तीन महिन्यांत वही जमली की महिन्याचे सगळे एकदम द्या. त्यांनाही महिना चालवता आला पाहिजे. विद्यापीठात आणि बऱ्याच कॉलेजांत "कमवा आणि शिका" योजना असते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात रोज थोडे तास काम आणि तासावर पैसे. लेकरू करायचं म्हणालं तर अडवू नका. यात कमीपणा काही नाही. त्याचे पैसेही वहीत जमेला आले पाहिजेत, एवढं बघा.

सगळ्यात नाजूक भाग आता. वही मागायची कशी? प्रत्येक चहाचा जाब विचारला तर लेकरू खोटं लिहायला शिकतं. मग सगळ्याचंच "झेरॉक्स" होतं. एका मुलीच्या वहीत एका महिन्यात झेरॉक्स १४०० होतं. तिची आई म्हणाली, "अगं, आख्खं ग्रंथालय छापलंस का?" दोघी हसल्या आणि मग खरं काय ते निघालं, वर्गातल्या वाढदिवसांची वर्गणी होती. म्हणून बजेटमध्ये ३०० रुपये हातखर्च धरलाय. त्याचा हिशेब विचारायचा नाही. आईस्क्रीम खाऊ दे, टिकली घेऊ दे. बाकीच्या रकान्यांत काही कमी-जास्त झालं तर महिन्यातून एकदा, फोनवर, शांतपणे. आपण गटात कुणाचा हप्ता चुकला तर चारचौघांत तिचा पाणउतारा करतो का? आधी विचारतो, काय झालं बाई. तसंच.

आणि हा हिशेब पोराकडूनही घ्या. मुलीला पै-पै विचारायची आणि मुलाला पेट्रोलचे पैसे न विचारता द्यायचे, असं बऱ्याच घरांत चालतं. दोघांना एकाच दुकानातली, एकाच किमतीची वही द्या. आपल्या गटाच्या वहीत बाईमाणूस बघून रकाने बदलत नाहीत.

एक विनंती. आपल्याही घरची वही त्यांना दाखवा. सोयाबीन किती झालं, खताची उधारी किती, गटाचं कर्ज किती राहिलंय. लेकरं अठरा वर्षांची आहेत, त्यांना कळतं. घरची शिल्लक माहीत असलेलं लेकरू दोन हजार मागताना स्वतःच पंधराशेवर येतं. त्याला आपल्याला काही बोलावं लागत नाही.

पुढच्या महिन्याची सभा दुसऱ्या शनिवारी आहे. ज्यांची मुलं-मुली यंदा बाहेर जाणार आहेत त्यांनी त्यांना बरोबर घेऊन या. बारा रकान्यांचा कोरा तक्ता मी झेरॉक्स करून आणते, दोन रुपयांना एक पडेल. घरून दुधाचं बिल, मागच्या वर्षीची सोयाबीनची पट्टी आणि गटाचं पासबुक आणा. पेन्सिल आणि खोडरबर ज्यानं त्यानं आणायचं.